तामीने आणलेला तक्ता

जपानातल्या कोकुरा शहरात नदीकाठच्या बाजारात आरियोशी बहिणींचं दुकान शोधायला पाटी लागत नसे. वासावर यायचं. तांदळाच्या कोंड्यात शिजवलेल्या तारल्यांचा खारट, आंबूस वास आणि त्याच्या मागून तिरफळाचा झणका. दुकान म्हणजे तरी काय, दोन बायका एकमेकींना धक्का न लावता जेमतेम वळतील एवढी जागा. पुढे तारल्या-बांगड्यांचे ट्रे, मागे शेगडी आणि शेगडीपासून लांब, थंड भिंतीला टेकून, आईचं पिंप.

पिंपात कोंडा. मीठ, वाळक्या समुद्रशेवाळाची पट्टी, लाल मिरची आणि तिरफळं घालून मुरवलेला. आईने तो तिच्या आईकडून आणला होता, त्या आईने आणखी कुणाकडून. मुळा-काकडी त्यात रात्रभर पुरून ठेवली की सकाळी लोणचं तयार, आणि मासे शिजायला टाकले की त्यातलाच ओगराळाभर कोंडा रश्श्यात. मात्र त्याला रोज, म्हणजे अगदी रोज, कोपरापर्यंत हात घालून तळापासून वरखाली करावं लागतं. एक दिवस चुकला तर तो रुसतो, चार दिवसांत पांढरी बुरशी धरतो, पंधरा दिवसांत मरतो. थोरली बहीण किनुयो म्हणायची, यापेक्षा तान्हं मूल परवडलं, ते निदान रडून सांगतं.

किनुयोने लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं, मुलगा भला होता, पण नोकरी ओसाकाला. किनुयोने विचारलं, मग पिंपात हात कोण घालणार? मुलाला वाटलं ती थट्टा करतेय. धाकटी तामी मात्र लग्न होऊन खाडीपलीकडे शिमोनोसेकीला गेली. त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे आईने तिला घरच्या कोंड्याचं एक गाडगं भरून दिलं. वर्षाच्या आत तो मेला. आईने पुन्हा दिला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा किनुयोने दिला, त्याचीही तीच गत. आई हसून म्हणायची, "तामीचा हात गरम. तिच्या हाताखाली काही टिकायचं नाही." गिऱ्हाइकं हसायची, तामीही हसायची. आई गेल्यावर तामी रोज आगगाडीने खाडी ओलांडून दुकानात यायला लागली, पुड्या बांधायला आणि सुटे पैसे द्यायला. पिंपाला हात लावायची वेळ आली की किनुयो आईच्याच सुरात म्हणायची, "राहू दे, तुझा हात गरम." चाळीस वर्षं जुना विनोद होता, कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निदान किनुयोला असं वाटायचं.

तिसरं गाडगं मेल्यापासून मात्र किनुयो एक गोष्ट गुपचूप करत आली होती. पिंपातला मूठभर कोंडा ती पिशवीत बांधून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवायची आणि दर वर्षी बदलायची. गोठवलेला कोंडा मरत नाही, झोपतो. तामी कधीतरी चौथ्यांदा मागेल, तेव्हा हाताशी असावा. तिला हे आधीच सांगणं म्हणजे तुझा मरणारच म्हणून सांगण्यासारखं होतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

किनुयोची जीभ बाजारात प्रसिद्ध होती. शेजारचा कोळी शिळे बांगडे गळ्यात मारायला आला की ती म्हणे, "अरे, याने तर माझ्याआधी पेन्शन घेतलेली दिसतेय." दुकानदार मंडळाचे अध्यक्ष हिरोवातारी टक्कल लपवायला टोपी घालून फिरत, त्यांना ती ट्रेवरचं झाकण म्हणायची. ते रागवायचे आणि तारल्या घेऊन जायचे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी एका बाईने बांगड्याचा भाव विचारला. किनुयोने तोंड उघडलं आणि म्हणाली, "छत्री." बाई हसली. किनुयो पुन्हा म्हणाली, "छत्री," आणि तिच्या उजव्या हातातला चिमटा खाली पडला. मेंदूत गुठळी झाली होती.

जीव वाचला. पहिल्या इस्पितळातून तिला दुसऱ्या, टेकडीवरच्या इस्पितळात हलवलं. तिथे माणसांना पुन्हा चालायला, जेवायला, बोलायला शिकवतात. उजवा पाय हळूहळू ऐकायला लागला, उजवा हात मांडीवर पडून राहायचा. पण तिला घाबरवलं ते तोंडाने. पाणी हवं असायचं. पाणी तिला दिसायचं, त्याचा थंडपणा जिभेवर यायचा, आणि बाहेर पडायचं छत्री. आपण चुकीचं बोललो हे कानाला लगेच कळायचं, पण बरोबर शब्द कुठे ठेवलाय ते आठवायचं नाही. दुसऱ्यांचं बोलणं सावकाश असलं तर समजायचं. दोघं-तिघं एकदम बोलायला लागली की जत्रेतल्यासारखा नुसता गलका.

दहाव्या दिवशी तामी एक तक्ता घेऊन आली. मुलांच्या खोलीत लावतात तसला, रंगीत, त्यांच्या भाषेतले सगळे आवाज रांगेने मांडलेला. आपल्याकडची बाराखडीच म्हणा. तिकडे कुणाची वाचा गेली की घरचे लोक हमखास हाच तक्ता आणतात. बोलता येत नाही ना, मग बोट ठेवून दाखव. इतकं सरळ वाटतं ते. "ताई, पाणी हवं असलं तर पाण्याची अक्षरं दाखव," तामी म्हणाली. किनुयोने बोट उचललं. एकेक अक्षर ओळखीच्या गावातल्या अनोळखी माणसासारखं तिच्याकडे बघत होतं. बोट फिरलं, थांबलं, आणखी फिरलं. तामीने तक्ता मिटला आणि तिचे डोळे भरून आले. किनुयोला तिची दया आली.

वाचेचे उपचार करणाऱ्या उशिजिमाबाई जेमतेम तिशीच्या, गोल चेहऱ्याच्या, आणि त्यांना कशाचीही घाई नसायची. एखाद्या शब्दासाठी किनुयो दोन-दोन मिनिटं झगडायची तेव्हा त्या मधे बोलायच्या नाहीत, घड्याळाकडे बघायच्या नाहीत. एके दिवशी त्यांनी एक कार्ड पुढे ठेवलं. त्यावर आवाजाचं अक्षर नव्हतं, अर्थाचं चिन्ह होतं. तिकडच्या लिपीत दोन्ही असतात. एक चिन्ह म्हणजे एक अख्खी वस्तू. किनुयोने ते बघितलं आणि ती मोठ्याने हसली. मासा! तिने समोरच्या चित्रांतल्या माशावर बोट आपटलं. मग मीठ आलं, मग दुकान, हात, बहीण. सगळी घरची माणसं भेटावी तशी भेटली.

त्यानंतर गाडी चालायला लागली, रडतखडत का होईना. चिन्ह बघायचं, चित्र बघायचं, बाई पहिला आवाज हळूच देणार, त्यावर स्वार होऊन शब्द काढायचा. फेब्रुवारीपर्यंत छत्रीने पाठ सोडली. चाळीसेक शब्द कार्डावर बघून यायचे, दहाएक न बघता. वाक्य म्हणजे दोन शब्दांची मोळी.

दर रविवारी तामी यायची आणि एका छोट्या डब्यात घरचं लोणचं आणायची. "मी रोज सकाळी हात घालते हं ताई," ती सांगायची. "पिंप तुझी वाट बघतंय." किनुयो काकडीची चकती तोंडात ठेवायची, डोळे मिटायची. तीच आंबट, तीच शेवाळाची खोल चव, शेवटी जिभेच्या टोकाला तिरफळाची मुंगी. त्या चवीच्या बळावर ती पुढचे सहा दिवस काढायची. तिचं सगळं गणित सरळ होतं. एप्रिलमध्ये घरी जायचं, मग दुकानात. बोलणं तामी करील, उजवा हात नाही आला तर डावा पिंपात जाईल.

जानेवारीच्या अखेरीस एका रविवारी काकडी गोड लागली. तिरफळ नव्हतं. किनुयोने दुसरी चकती खाल्ली, मग मुळ्याची. दुकानातलं, प्लास्टिकच्या पाकिटातलं लोणचं होतं ते, डब्यात काढून आणलेलं. तिने तामीकडे बघितलं. तामी खिडकीतून बाहेर बघत सांगत होती की आज कोंडा अगदी छान फुगला होता.

मेला तर. चौथ्यांदा मेला. पण किनुयोला हसूच आलं. बिचारी तामी. खाडीपलीकडून येऊन एकटीने दुकान रेटायचं, इस्पितळाच्या खेपा घालायच्या, आणि त्यात हे. आपल्याला कळू नये म्हणून पाकिटं फोडून डबे भरतेय. तिला कुणीतरी सांगायला हवं की काही बिघडलं नाही. फ्रीजरमध्ये आहे.

पण हे सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी तिने उशिजिमाबाईंना वहीत डाव्या हाताने एक पेटी काढून दाखवली. बाईंनी कपाट म्हटलं, टीव्ही म्हटलं. किनुयोने खांदे आवळून थरथरून दाखवलं. मग बाई म्हणाल्या, फ्रीज! तिथून कोंड्यापर्यंत यायला तीन दिवस लागले, कारण बाई कुमामोतोच्या, त्यांच्या घरी पिंप नव्हतं. एकदा कळल्यावर मात्र त्यांनी पानभर मोठ्या अक्षरांत चार चिन्हं लिहून दिली. फ्रीज, कोंडा, आहे, बहीण. रोज अर्धा तास त्याचीच तालीम. "फ्री... फ्रीज. कों... कोंडा आहे. तामी. तुझा." शेवटचं 'तुझा' किनुयोने स्वतःच्या मनाने घातलं होतं. ते पहिल्यांदा न अडखळता आलं तेव्हा बाईंनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, तामी-सान ऐकतील तेव्हा मला तिथे असायला आवडेल. किनुयोने नाही म्हणून मान हलवली. हे दोघी बहिणींतलं होतं.

ज्या रविवारी ते सांगायचं ठरलं होतं, त्याच्या आदल्या गुरुवारी तामी अचानक आली, आणि मागे टोपी हातात धरून हिरोवातारी. दुकान आईच्या वेळेपासूनचं, आता किनुयोच्या नावावर. अध्यक्ष म्हणाले, दुकान सोडण्याचे कागद सगळे आलेत, सहीच्या जागी तुमचा शिक्काही आहे, पण साठ वर्षांचं दुकान, तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला बरं वाटेना. ते एवढ्या मोठ्याने आणि भरभर बोलत होते की किनुयोच्या हाती तुकडेच लागले. शटर. एप्रिल. दुसरं जोडपं. तिने वहीकडे हात केला. वही टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होती.

तामीने पिशवीतून तो रंगीत तक्ता काढला आणि तिच्या मांडीवर पसरला. "ताई, अध्यक्ष विचारतायत, दुकानाचं काय करायचं? जे म्हणायचंय ते यावर दाखव."

किनुयो नाही नाही अशी मान हलवत राहिली. तामीने तिचा डावा हात धरून बोट तक्त्यावर टेकवलं. बोट फिरलं, थांबलं, भरकटलं. कपाळाला घाम आला. आणि घाईत, इतक्या दिवसांनी, तोंडातून छत्री निसटलं. हिरोवातारींनी मान खाली घातली. "राहू द्या," ते तामीला म्हणाले, किनुयोला नाही. "उगीच त्रास कशाला? तुम्ही म्हणालात तेच खरं." दाराशी जाऊन ते कमरेत खूप खोल वाकले, मयताच्या घरी वाकतात तसे, आणि गेले. त्यांच्या पाठोपाठ तामीही गेली. तक्ता मांडीवरच राहिला.

थोड्या वेळाने उशिजिमाबाई आल्या. तक्ता बघून त्यांच्या गोल चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला.

"हा परत कुणी आणला? आरियोशी-सान, मी तामी-सानना डिसेंबरातच सांगितलं होतं. वाचाघातात आवाजाची अक्षरं सगळ्यात आधी जातात, तक्ता ठेवला की माणूस वेडा ठरतो, तो देऊ नका. त्यांच्यासमोर तुम्ही अकरा कार्डं बरोबर ओळखलीत. त्यांनी कार्डांची यादी लिहूनही नेली. म्हणाल्या, म्हणजे ताईला सगळं समजतं तर."

बाई सावकाश बोलत होत्या, नेहमीसारख्या. किनुयोला एकही शब्द निसटला नाही.

रविवारी तामी डबा घेऊन आली. किनुयोने तो उघडला नाही. पुढ्यातल्या टेबलावर तिने डाव्या हाताने तक्ता उलगडून ठेवला आणि त्यावर एकेक करून तीन कार्डं. दुकान. बहीण. तिसऱ्यावर जे चिन्ह होतं ते बाईंकडून तिने कालच मागून घेतलं होतं. ठाऊक.

तामी उभीच होती. मग खुर्चीच्या कडेवर बसली. 

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, सांग ना," ती म्हणाली, आणि विचारलंच नव्हतं हे आपणच बोलून गेलो, ते लक्षात येऊन तिने तोंडावर हात धरला. थोड्या वेळाने हात काढला तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "नाही म्हणाली असतीस. पिंपात हात कोण घालणार म्हणाली असतीस. हिरोशिमाला माझ्या लेकीला बाळ झालं, मी त्याला तीनदा बघितलंय, ताई. तीनदा. चाळीस वर्षं मी वाक्य सुरू करायचे आणि तू संपवायचीस. गिऱ्हाईक मला विचारायचं, उत्तर तू द्यायचीस. तुला झटका आला तेव्हा मी रडले. खरंच रडले. पण घरी जाताना गाडीत वाटलं, आता माझं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेईल."

किनुयोने ते शेवटपर्यंत ऐकलं. मधले बरेचसे शब्द गळून गेले, तरी गोष्ट अख्खी पोचली. तिने डब्यावर बोट ठेवलं. मग हाताने पिंपाचा गोल केला. मग तळवा उलटा केला, मेला अशा अर्थाने, आणि भुवया वर केल्या. एवढं तरी तामीने कबूल करावं.

"मेला नाही तो," तामी म्हणाली.

किनुयोचा उलटा तळवा तसाच हवेत राहिला.

"दोन महिने रोज पहाटेच्या गाडीने येऊन हात घातला मी. एक दिवस चुकवला नाही. छान होता, ताई. तुझ्यापेक्षाही छान वास येत होता, कोळी म्हणाला. माझ्या हाताखाली टिकला. मला तेवढंच बघायचं होतं. मग जानेवारीत, कचऱ्याची गाडी येते त्या दिवशी, चार पिशव्या भरून बाहेर ठेवला. गाडी येईपर्यंत उभी होते तिथे."

बाहेर मार्चचं लख्ख ऊन होतं. शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीला कुणीतरी संत्रं सोलून देत होतं. किनुयोचा उजवा हात मांडीवर पडला होता, तिने तो डाव्या हाताने उचलून पांघरुणाखाली ठेवला. जिवंत होता तो. आईचा, आजीचा, वास येत असलेला, फुगलेला. पाकिटातल्या काकड्या खाऊन आपण हसलो होतो, बिचारी म्हणून.

तामी डोळे पुसत म्हणाली की शटरची किल्ली देऊन झाली, एक तारखेपासून तिथे तळलेल्या वड्यांचं दुकान लागणार, आता त्यात काही करण्यासारखं नाही. ताईने घरी राहावं, मदतीला बाई येईल, आपण रविवारी येत जाऊ. मग तिची नजर वहीवर गेली. "उशिजिमाबाई मघाशी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, त्या महिनाभर तुम्हाला सांगायला काहीतरी तयार करतायत. काय गं ते?" तिने खुर्ची जवळ ओढली. लहानपणी गोष्ट ऐकायला बसायची तशी ती पुढे झुकली. "सांग ना, ताई. मी थांबते. लागू दे वेळ."

वाक्य तयार होतं. पहिला आवाजसुद्धा ओठांवर येऊन बसला होता, कुणी द्यायची गरज नव्हती. किनुयोने धाकट्या बहिणीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. नाक आईचं होतं.

"छत्री," ती म्हणाली.

तामीचा चेहरा कोसळला. "हो हो," ती घाईने म्हणाली, लहान मुलाशी बोलतात तशी, आणि किनुयोचा हात थोपटला. "आणलीय हं मी छत्री." जाताना तिने तक्ता घडी घालून पिशवीत टाकला. डबा किनुयोने तिच्याकडे सरकवला, तोही ती मुकाट्याने घेऊन गेली.

सोमवारी उशिजिमाबाईंनी उत्सुकतेने विचारलं, सांगितलंत? किनुयोने वही उघडली. चार चिन्हांपैकी शेवटचं, बहीण, तिने डाव्या हाताने हळूहळू, एकाही रेघेचं टोक दिसणार नाही असं खोडून काढलं. किनुयोने पेन्सिल टोक करायला त्यांच्यापुढे धरली. मग उरलेल्या तीन चिन्हांखाली तिने डावा हात काढायला घेतला, पाच बोटांचा, वाकडातिकडा, कोपरापर्यंत. पाच बोटं नीट जमेपर्यंत जेवणाची घंटा झाली.